हसायची चोरी

उत्तनहून भाईंदरला पाटी घेऊन येणाऱ्या त्या मासळीवालीचं नाव मी कधी विचारलंच नाही. गळ्यात क्रूस, चाल झपझप आणि आवाज असा, की दोन आळ्यांना ऐकू जावा.

महायुद्धाच्या वर्षांत मला पहिला मुलगा झाला. त्यानंतर खोकलं, शिंकलं, हसलं की लुगडं ओलं व्हायचं. सासूबाईंनाही सांगायची सोय नव्हती. मी बायकांत बसणंच सोडलं.

एकदा मी पाणी भरायला गेले, तेव्हा विहिरीवर ती, वळवळती कोळंबी बघूनही "ताजी आहे ना?" विचारणाऱ्या गिऱ्हाइकाची नक्कल करत होती. मला हसू आवरलं नाही आणि व्हायचं तेच झालं. मी जागीच थिजले. तिनं माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग काठावरची भरलेली कळशी उचलली आणि पाय घसरल्यासारखं करून सगळी माझ्या अंगावर ओतली. बायका तिला आंधळी म्हणाल्या. "घसरला पाय," म्हणत तिनं रिकामी कळशी काठावर ठेवली.

मला घरी सोडायला आली तेव्हा वाटेत अगदी हळू म्हणाली, "माझी पाच पोरं हायत. मलापन व्हायचं. मुतताना एकदा मधीच धरून बघ, कुठं आवळतं ते कळंल. मग दिवसभर तसंच आवळायचं, सोडायचं. चुलीपाशी बसून कर. कोनाला कळतंय?"

दोन-तीन महिन्यांत मी पुन्हा विहिरीवर बसू लागले. नक्कल रंगात आली, की ती मधेच थांबून माझ्याकडे बघायची. मी मान हलवली, की मगच पुढचं सांगायची.