ग्लासवालीचं बाळ

माझ्या थोरल्या बहिणीला अख्खं गाव ‘ग्लासवाली’ म्हणायचं. ती सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात पाणी तपासायच्या बाटल्या धुवायची. गटाराचं पाणी तिथे गाळून, निर्जंतुक करून पुन्हा प्यायच्या नळाला सोडायचं ठरलं, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. मग साहेबांनी शक्कल लढवली. केंद्रातल्या कोणीतरी रोज सकाळी फाटकापाशी, सगळ्यांसमोर, ग्लासभर पाणी प्यायचं. साहेब स्वतः का नाही प्यायले, ते मला विचारू नका. ताईला पक्की नोकरी हवी होती, ती प्यायली.

पाणी चांगलंच होतं. भीती वाटायची ती लोकांची. बोलायचे नाहीत, नुसते बघायचे. तिची नखं, तिचे डोळे, तिचं चालणं. एकदा ती किराणा दुकानात शिंकली आणि दुकान चिडीचूप झालं. संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीने नळ बंद केले. तेव्हापासून ताई शिंकसुद्धा गिळायला शिकली.

मग तिला दिवस गेले. भावोजी बोटीवर कामाला, म्हणून मी तिच्याकडे राहायला आले. सकाळी तिच्या पोटात ढवळायचं आणि समोर तो ग्लास. ओकारी आली असती तर संपलंच सगळं. ती ओठ घट्ट मिटून हसायची. पोट दिसायला लागलं तसं गावाने ते पाणी पिणं सोडलंच, विकतचे कॅन आणले. “बाळ झाल्यावर बघू,” समोरच्या इस्त्रीवाल्या काकू मला शांतपणे म्हणाल्या. बाळात काही कमी-जास्त निघालं तर खापर कोणावर फुटणार, हे मला कळत होतं. मी पार धास्तावले होते.

ताई बाळाला घेऊन दवाखान्यातून आली, तेव्हा गल्लीत दोन्ही बाजूंना माणसं उभी. मुलगा की मुलगी, कोणी विचारलं नाही. काकूंनी दुपटं उलगडलं, बोटं मोजली, तळपायाला चिमटा काढला. बाळाने टाहो फोडला. काकूंनी मान डोलावली आणि क्षणात गल्ली रिकामी झाली.

“घोटभर पाणी दे गं,” घरात येऊन ताई म्हणाली. मी नळ सोडला, तर नुसती हवा फुसफुसली. भिंतीतले पाइप घुमत होते. सगळ्या घरांत एकदम नळ सुटले होते. मेल्यांना लागली एकदाची तहान! शेजारून पाणी आणावं म्हणून मी दार उघडलं. दारात काकू, हातात भरलेला ग्लास. त्यांच्यामागे सगळी गल्ली, प्रत्येकाच्या हातात काठोकाठ भरलेला ग्लास. एकानेही तो ओठाला लावला नव्हता.

ताईने हात पुढे केला. काकूंनी ग्लास मागे घेतला.

“तुला नाही. बाळाला. चमचाभरच. आम्ही थांबतो.”

आवाज अगदी मायेचा होता.

ताईने बाळ माझ्याकडे दिलं, काकूंच्या हातातला ग्लास हिसकावला आणि गटागटा पिऊन टाकला. “माझी लेक तुमच्यासाठी काही पिणार नाही,” ती म्हणाली आणि दाराला कडी घातली.

बाळाला घेऊन आम्ही दोघी कान देऊन बसलो. परत जाणारी पावलं काही वाजली नाहीत.