तिकिटाचा फोटो

नाट्यगृहांना मी डिजिटल तिकिटांची यंत्रणा विकतो. "तिकिटावरचा कोड दर मिनिटाला बदलतो; नुसता फोटो दाखवून कुणी आत शिरूच शकणार नाही," असं प्रत्येक व्यवस्थापकाला मोठ्या तोऱ्यात सांगतो. काल यंत्रणा कशी चाललीय ते बघायला गेलो, तर नाट्यगृहाच्या दारात एक आजोबा फोन पुढे धरून उभे होते. परदेशातल्या मुलीनं तिकीट काढून त्याचा फोटो पाठवला होता. यंत्रावर लाल दिवा लागला. मुलगी फोन उचलेना; तिकडे रात्र.

"साहेब, काय करू?" दारवाल्यानं मला विचारलं.

माणूस बघून सोडणं यंत्राला जमत नाही, आणि नेमकं तेच तर मी विकलंय. आत तिसरी घंटा झाली.

"काच मळली असेल हो," म्हणत आजोबांनी फोन सदऱ्याला पुसला आणि पुन्हा पुढे धरला.