राख न लावलेले हात

गेल्या माघात, बाग मोहरात असताना, माझ्या मोठ्या भावाने आमच्या सेंद्रिय काजूबागेत रासायनिक कीटकनाशक फवारले. मी त्या दिवशी महागावला होतो.

बाग आर्णीजवळ, दोघांची सामाईक. सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी ते तिसरे आणि शेवटचे वर्ष होते. मोहराचा रस शोषून शेंडे वाळवणाऱ्या ढेकण्या किडीविरुद्ध आमचा मुख्य भरवसा लाल मुंग्यांवर होता. पाने जोडून घरटी करणाऱ्या या मुंग्या ढेकण्या खातात. पहिले घरटे भावानेच जंगलातून पोत्यात आणले, मानेपर्यंत चावे सोसत. मुंग्यांना ये-जा करता यावी म्हणून झाडाझाडांत दोऱ्याही त्यानेच बांधल्या.

"लोकं ढोरं पोसते, तुमी मुंग्या पोसून राह्यले," शेजारी म्हणायचा.

"बिनपगारी राखणदार आहे माह्या," भाऊ सांगायचा. "तुह्या कुत्र्यापेक्षा बरा चावते."

झाडाला हात लावण्याआधी आम्ही कोपरापर्यंत चुलीची राख चोळत असू. राखेवर मुंग्या चढत नाहीत.

महागावहून परतल्यावर दुसऱ्या सकाळी मी बागेत गेलो. भाऊ झाडावर चढून वाळके शेंडे छाटत होता. हात कोरडे, स्वच्छ.

"भाऊ, राख काहून नाही लावली?"

"घाई होती गा."

त्याच्या अंगावर एकही मुंगी नव्हती. मी खालच्या फांदीवरचे घरटे उघडले. आत मेलेल्या मुंग्या होत्या. बुंध्याशीही त्यांचा थर होता.

"काय मारलं?"

त्याने औषधाचे नाव सांगितले. "मोहर जळून राह्यला होता. मुंग्यायची वाट पाहत बसू?"

"मले विचारलं काहून नाही?"

"तू हो म्हणला असता?"

पुढच्या आठवड्यात, प्रमाणपत्र देणाऱ्या सेंद्रिय गटाचा तपासनीस आला. काय काय फवारले, असे त्याने विचारले.

"निंबोळी अर्क. दुसरं काही नाही," भाऊ म्हणाला आणि माझ्याकडे पाहू लागला.

मी औषधाचे नाव सांगितले.

बागेला प्रमाणपत्र मिळाले नाही. भाऊ आता सकाळी बागेत जातो, मी दुपारनंतर. दोऱ्या अजून बांधलेल्या आहेत. यंदा मोहर आला, तेव्हा त्यांवर मुंगी नव्हती.