तोमासाचं बोट

तोमासा नोयोला नऊ वर्षं सिनेमात होती, आणि नऊ वर्षांत स्टुडिओवाल्यांनी तिला तोंड उघडू दिलं नाही. मी त्याच स्टुडिओत कपडे शिवायचे, त्यामुळे हे ऐकीव नाही.

ती किनाऱ्याकडची, कुआहिनिकुइलापा गावची. तिचे खापरपणजे त्याच मातीत पुरलेले, तरी राजधानीत जो तो तिचा काळा रंग बघून विचारायचा, "क्युबाहून आलीस का गं?" ती म्हणायची, "हो, बैलगाडीतून." रोज सकाळी गर्दीच्या दृश्यांत उभी राहणारी माणसं स्टुडिओच्या फाटकाजवळच्या बाकावर बसत. साहाय्यक येऊन ओरडायचा, "चार मोलकरणी, दोन हमाल, एक काळी!" ती एक काळी म्हणजे तोमासा. ट्रे धरायचा, मान खाली घालायची, संपलं. पडद्यावर एक वाक्य बोललं की मात्र त्या बाकावरून उठून नटांच्या खोलीत बसायला मिळे. तिला तेवढंच हवं होतं.

पन्नास साली खुनाचा एक सिनेमा निघाला. दिग्दर्शक डॉन आर्नुल्फो तिला म्हणाला, "मोलकरणीनं खून पाहिलाय. पोलीस ठाण्यात बोट दाखवून म्हणायचं, 'हाच तो. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.' जमेल?"

जमेल म्हणजे काय! महिनाभर बाई ते वाक्य घोटत होती. मक्याच्या तॉर्तिया थापताना, ट्रामची वाट बघताना. माझ्या शिवणयंत्राला तिनं इतक्या वेळा खुनी ठरवलं की मलाच त्याची भीती वाटायला लागली.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं की भूमिका चांगली आहे. चांगली म्हटल्यावर ती काळ्या बाईला कशी द्यायची? आयत्या बिळावर नागोबा तसा पेर्ला सांतामारिनाचा प्रवेश झाला, गोरीपान. तिला काळं रंगवायचं ठरलं. आणि रंग नेमका जुळावा म्हणून रंगभूषावाला हिल्दार्दो तोमासालाच बोलवायला आला, निर्लज्ज मेला.

"हात पुढे धर गं. हलू नकोस."

अर्धा तास तिनं हात धरला. हिल्दार्दो त्या हाताकडे बघत पेर्लाला रंग फासत होता. पेर्ला आरशात बघून किंचाळली, "अगं बाई, केवढी भयानक दिसतेय मी!" तोमासा शेजारीच उभी. त्या बयेच्या झिंज्या उपटाव्यात असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

दिव्यांच्या उकाड्यात पेर्लाच्या हातांचा रंग ओघळू लागला. पांढऱ्या बाह्या मी तीनदा बदलल्या. बोट दाखवणारा हात तर जवळून घ्यायचा होता. डॉन आर्नुल्फो वैतागला. "त्या काळीला बोलवा. फक्त हात हवाय. आवाज पेर्लाचाच."

मी म्हटलं, "जाऊ नकोस. पोटात दुखतंय म्हणून सांग."

"बाही चढव, चोले," तोमासा मला म्हणाली.

कॅमेरा सुरू झाला. "आता हात वर. खुनी त्या खांबापाशी आहे असं समज, तिकडे बोट दाखव." हात उचलला गेला. बोट खांबावरून सरकलं आणि डॉन आर्नुल्फोच्या खुर्चीवर येऊन थांबलं. तोमासा खणखणीत आवाजात बोलली, "हाच तो. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

 मग डॉन आर्नुल्फो हसला. "वा! हात जरासुद्धा थरथरला नाही. बडबड चालेल, आपण कुठे आवाज घेतोय!" माइक लावलेलाच नव्हता.

त्यानंतर बाकापाशी कुणी 'एक काळी' म्हणून ओरडेना. गरजच काय? हिल्दार्दोकडे आता जुळवलेला रंग होता ना.

सिनेमा लागला तेव्हा आम्ही दोघी वरच्या स्वस्त सज्जात बसलो. पडद्यावर तोमासाचा हात आला आणि पेर्लाचा आवाज. लोकांनी टाळ्या पिटल्या. मागचा एक जण बायकोला म्हणाला, "ही भलतीकडेच बोट दाखवतेय. खुनी तर पलीकडे उभाय."

तोमासा मागे वळली.

"नाही हो दादा," ती म्हणाली, "बरोबर दाखवतेय."