दोन्ही बाजू एकदम

नव्वदच्या दशकाच्या शेवटी कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती देऊ केली आणि मी ती घेतली. आठवडाभरात घरातले नळ, बिजागऱ्या, वायरी दुरुस्त करून झाल्या. मग दुरुस्त करायला काही उरलं नाही आणि बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या दोन खोल्यांत मी येरझाऱ्या घालू लागलो.

बायकोचा मोठा भाऊ अंकलेश्वरला कारखाना चालवायचा. सुपरवायझर म्हणून या, तिथेच खोली देतो, शनिवारी बडोद्याला जा, असा त्याचा आग्रह. पुन्हा भोंग्यावर उठायचं माझ्या जिवावर आलं होतं. मी भाड्याने माल वाहायचं ठरवून एक जुना ट्रक घेतला. इंजिन ठणठणीत, पण केबिनचा खालचा पत्रा बोट लावलं तरी झडत होता. मेव्हणा म्हणाला, "या महिन्याच्या शेवटच्या रविवारी येतो. तोवर केबिन उभी राहिली तर ठीक. नाहीतर सोमवारी माझ्याबरोबर." बायकोसमोर मी हो म्हणून बसलो.

पाणीगेटबाहेर एका आवारात ट्रक लावला, वेल्डिंगचा सेट भाड्याने आणला आणि कामांची यादी केली. कारखान्यात मी नियोजनात होतो. एका जातीची कामं एकदम उरकायची, ही सवय. म्हणून आधी दोन्ही दारं उतरवली. मग दोन्ही बाजूंचा सडका पत्रा, दाराच्या खांबांच्या बुडापर्यंत, कापून काढला. समोरचा टायरवाला रोज विचारायचा, "भाई, आ ट्रक छे के चाळणी?" यादीत कापून झाल्याची खूण केली तेव्हा मला फार बरं वाटलं.

वेल्डिंग मी फक्त पाहिलं होतं. पहिल्या दिवशी जोड कमी आणि भोकं जास्त पडली. तरी जुन्या तुकड्यांवरून मापं घेऊन उजवीकडचा नवा पत्रा बसवला आणि दार चढवलं. ते खाली घासलं, वर बोट जाईल एवढी फट राहिली. मी ढकललं, आपटलं, शेवटी लाथ घातली.

बायको डबा घेऊन आली होती. "अहो, दुसऱ्या बाजूचं माप घ्या की."

"तीही कापलीय."

"दोन्ही? एकदम?" तिने डबा खाली ठेवला. "ब्लाउजच्या दोन्ही बाह्या एकदम उसवल्या तर खांदा कुठे होता, ते कुणाला विचारायचं?"

आधार गेल्यामुळे केबिन खचली होती. छप्पर उचलायचं तरी किती उचलायचं, ते सांगायला काहीच जागेवर उरलं नव्हतं. मी ट्रकभोवती फिरत राहिलो. जेवलो नाही. ती दारावर हात टेकून उभी होती, आणि माझ्या लक्षात आलं की कापलेलं नाही असं एवढं दारच आहे. दार बसेल तीच चौकट खरी.

नव्या पत्र्याचे वेल्डिंगचे टाके तोडले. खांबाखाली लाकूड घालून जॅक लावला. ती केबिनमधून दार ओढून धरून बसली. मी जॅक थोडा चढवायचा, तिने "घासतंय" म्हणायचं. पुन्हा थोडा. कधीतरी दाराचा खटका लागला. "हलू नकोस," मी ओरडलो. "सरळ बाहेर ये म्हणा," ती म्हणाली, "ठिणग्या कुठे जातात माहीत आहे का?" तिला दुसऱ्या बाजूने उतरवलं आणि दार बंद ठेवूनच पत्र्याला टाके घातले.

रविवारी मेव्हणा आला. त्याने दार उघडलं, लावलं. तिसऱ्या खेपेला नीट लागलं.

"आणि ती बाजू, भावोजी?"

ती उघडीच होती. त्यातून पलीकडचं टायरचं दुकान दिसत होतं.

"उद्या धरतो."

"उद्या सोमवार."

ठरल्याप्रमाणे मी हरलो होतो. त्याने बहिणीकडे पाहिलं. ती पदर खोचून जॅक डावीकडे ओढत होती.

"दादा, बोलत काय उभा आहेस? लाकूड उचल. आणि घरी जाऊन चहा घे, आम्हाला इथे वेळ लागेल."

त्याने लाकूड उचलून आणलं. मी तोवर डावं दार चढवायला घेतलं होतं.