महाथेरांची शतपावली

जबलपूरच्या मदन महल भागात राहणाऱ्या इंदिराबाई रेल्वेच्या रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या. नोकरीत असताना त्यांचा दरारा होता तो पथ्याचा. एखाद्या नातेवाइकाने रुग्णाच्या उशाखाली लाडू दडवला, तर तो त्या वासावरून हुडकून काढीत आणि त्याच नातेवाइकाला तेथेच उभे करून खायला लावीत. अशा बाईच्या हातून खाण्याच्याच बाबतीत प्रमाद घडावा आणि त्यापायी दोन देशांमधले एक काम अडून बसावे, हे कोणाला सांगूनही खरे वाटले नसते.

ते काम होते शहराबाहेरच्या महाराजपूरच्या प्रसूतिगृहाचे. तिकडच्या वस्त्यांतील अडलेल्या बाईला रिक्षात घालून शहरात आणावे लागे. निवृत्तीनंतर इंदिराबाईंनी अशाच एका रिक्षात, वाटेवरच्या अधारतालच्या वर्दळीत, पदराचा आडोसा करून एक बाळ हाती घेतले होते. बाळ जगले, आई मात्र राहिली नाही. त्या दिवसापासून त्यांनी सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवायला सुरुवात केली. शासनाकडे जागा होती, पण इमारतीला पैसा नव्हता. पुढे बोधगयेच्या एका सहलीत त्यांची भंते सुमेध यांच्याशी गाठ पडली. सुमेध ज्या श्रीलंकेतील भिक्खुसंघाचे होते, तो संघ आपल्या देशात दवाखाने चालवीत असे आणि भारतातही असे काही करण्याची त्याच्या वृद्ध प्रमुखांची, महाथेरांची, इच्छा होती. इंदिराबाईंनी दोन्ही बाजूंना एकमेकांचा पत्ता दिला आणि पाठपुरावा सोडला नाही. अखेर ठरले असे की जागा व परिचारिकांचे वेतन शासनाने द्यावे, इमारत संघाने बांधावी आणि चालवावी.

करारावर सह्या करण्यासाठी महाथेर स्वतः जबलपूरला आले. भोपाळहून आरोग्य खात्याचे सचिव येणार होते आणि संध्याकाळच्या गाडीने परतणार होते. निवडणुकीची आचारसंहिता आज लागते की उद्या, असे चालले होते. ती लागली की सह्या कित्येक महिने लांबणार, आणि तोवर ती जागा दुसऱ्या खात्याने मागितली तर ती जाणार, हे उपजिल्हाधिकारी रामकृष्ण दुबे यांनी इंदिराबाईंना चांगले बजावून सांगितले होते.

सह्या दुपारनंतर व्हायच्या होत्या. भिक्खू मध्यान्हीनंतर जेवत नाहीत, म्हणून त्याआधीचे भोजन आपल्याकडे व्हावे, अशी विनंती इंदिराबाईंनी केली आणि ती मान्य झाली. पहाटेपासून पुरण शिजले. कटाची आमटी, मसालेभात, भरली वांगी झाली, आणि कमी पडायला नको म्हणून कमानिया गेटच्या बाजारातून खव्याची जिलबीही आली.

महाथेर आणि सुमेध पाटावर बसले. जेवताना बोलायचे नाही आणि पात्रात पडलेले टाकायचे नाही, हा त्यांच्या संघाचा नेम होता. इंदिराबाईंच्या घरचा रिवाज असा की पाहुणा तोंडाने 'पुरे' म्हणाला तरी ते मनावर घ्यायचे नाही, त्याने ताटावर हात आडवा धरला तरच थांबायचे. महाथेर 'पुरे' म्हणाले नाहीत आणि त्यांचा हातही आडवा झाला नाही. इंदिराबाई वाढत गेल्या. महाथेर खात गेले.

सून प्रणोतीने दारातूनच त्यांना खुणावले. "आई, काहून इतकं वाढून राहिल्या? वय किती आहे त्यांचं!"

"हात आडवा केला का त्यांनी? नाही न? मग! आवडून राहिलं त्यांना," असे म्हणून इंदिराबाईंनी आणखी एक पोळी सोडली आणि वर तुपाची धार धरली.

भोजन आटोपले. महाथेरांनी मंद स्वरात आशीर्वाद दिला, बाहेरच्या खोलीतील दिवाणावर ते टेकले आणि तेथेच आडवे झाले. निघायची वेळ आली तरी ते उठेनात. सुमेध बाहेर आले ते खाली मान घालून. भंतेजी उठू शकत नाहीत, त्यांचे पोट फार जड झाले आहे, असे त्यांनी हिंदीत सांगितले. सुमेधांचीही फारशी निराळी अवस्था नव्हती.

एवढ्यात दुबेंचा फोन आला. सचिव येऊन बसले होते आणि अस्वस्थ होते. संघाचे मन ऐन वेळी फिरले की काय, अशी कुजबुज कचेरीत सुरू झाली होती. काहीतरी सबब सांगावी, असे इंदिराबाईंच्या मनात क्षणभर आले. मग त्यांनी खरे तेच सांगितले. मन फिरलेले नाही, मीच त्यांना अति खाऊ घातले.

दुबेंच्या आवाजात हसू आले. "अम्मा, विरोधी पक्ष जो नहीं कर पाया, वो आपकी पूरनपोली ने कर दिया. एक घंटा दिया. साहब को मैं सँभालता हूँ."

आता इंदिराबाईंमधली परिचारिका जागी झाली. त्यांनी ओवा भाजून कुटला, त्यात सैंधव आणि हिंग घातला आणि कोमट पाण्याचा पेला पुढे केला. सुमेध अडखळले. मध्यान्ह टळून गेली होती.

"यह भोजन है या दवा?" त्यांनी विचारले.

"दवा है, और पिलाने वाली नर्स है," इंदिराबाई म्हणाल्या.

औषधाला नेमाची आडकाठी नव्हती. महाथेरांनी पेला रिकामा केला. मग इंदिराबाईंनी शतपावलीचा हुकूम सोडला. जेवणानंतर अंगणात सावकाश येरझाऱ्या घालायच्या, हे त्यांनी खुणांनी समजावताच महाथेरांचा चेहरा उजळला. भिक्खूंनाही अशी चालत करावयाची साधना असते, तिला ते चंक्रमण म्हणतात, असे सुमेधांनी सांगितले. तुळशीपासून फाटकापर्यंत ते वृद्ध भिक्खू डोळे खाली लावून, एकेक पाऊल जपून टाकीत फिरू लागले. शेजारचे भय्यासाहेब कुंपणावरून हात जोडून बघत राहिले. त्यांना त्यात केवळ साधना दिसत होती.

कितव्या तरी फेरीला महाथेर थांबले आणि अंगणभर ऐकू जाईल अशी एक दीर्घ ढेकर त्यांनी दिली. प्रणोतीने पदर तोंडाला लावला. इंदिराबाईंनी मात्र डोळे मिटून घेतले. एवढ्या समाधानाने त्यांनी आयुष्यात क्वचितच काही ऐकले असेल.

गाडीत बसण्यापूर्वी महाथेर सुमेधांपाशी काही बोलले. सुमेधांनी सांगितले की या देशात यजमानीण थांबेपर्यंत खात राहावे लागते, असा भंतेजींचा समज झाला होता. ती थांबेना, तेव्हा हीच आपल्या सहनशीलतेची परीक्षा आहे, असे त्यांनी मानले.

"उनसे कहिए, गलती मेरी है," इंदिराबाई म्हणाल्या.

सचिवांची गाडी सुटायच्या आत सह्या झाल्या. आचारसंहिता दुसऱ्या दिवशी लागली, परंतु करार झाला होता आणि जागेची आखणी अडली नाही. आखणीच्या सकाळी इंदिराबाई महाराजपूरला जाऊन उभ्या राहिल्या. खुंट्या ठोकल्या गेल्या, दोरी ताणली गेली. आसपासच्या बाया जमल्या आणि त्यांच्यातल्या दिवस भरत आलेल्या एकीने विचारले, "दीदी, मेरे टाइम तक बन जाएगा?"

तुझ्या वेळेपर्यंत नाही, पण तुझ्या दुसऱ्या बाळाच्या वेळेपर्यंत नक्की होईल, असे इंदिराबाईंनी तिला सांगितले, आणि या वेळी कळा सुरू होताच आपल्याला फोन करायचा, असे बजावून नंबरही दिला. मग त्या घरी परतायला रिक्षात बसल्या आणि अधारतालची ती वर्दळ येण्याच्या आधीच त्यांना गाढ झोप लागली.