उंटवाले मास्तर

दिगंबर गेला त्याला महिना होत आला असेल. दुपारी फोन वाजला आणि पडद्यावर त्याचंच नाव आलं.  फोन अर्थातच वहिनींनी केला होता. “भाऊजी, घरी येऊन जा. तुम्हाला एक ऐकवायचं हाय,” एवढंच म्हणाल्या.

गारखेड्याला त्याच्या घरी जाताना रिक्षात मला तरुण दिगंबर आठवत राहिला. कॉम्प्युटर आमच्या शहरात फारसा कुणी पाहिला नव्हता, तेव्हा हा पठ्ठ्या एका संशोधनसंस्थेत यंत्राला मराठी शिकवत होता. यंत्राला गोष्ट समजते, असा त्याच्या पीएच.डी.च्या सरांचा दावा. पाहुण्यांसमोर प्रयोग झाला. गोष्ट साधीच, एक धनगर पिशोरच्या बाजारात मेंढी विकतो. कुणी विकली, कुठं विकली, सगळी उत्तरं बरोबर आली. टाळ्या पडल्या. मग दिगंबरनं प्रश्न टाकला, उंटाचं काय झालं? यंत्रानं लगेच लिहिलं, ‘उंट बाजारात विकला.’ गोष्टीत उंट नव्हताच! सर म्हणाले, हा पोरखेळ आहे. आणि अहवालात ‘समजते’ हाच शब्द छापला गेला. दिगंबरनं त्यातून आपलं नाव काढून घेतलं, पीएच.डी. सोडली आणि जन्मभर कॉलेजात शिकवत राहिला. मी त्याला ‘उंटवाले मास्तर’ म्हणून छळायचो. तो हसायचा, पण ते सोडणं त्याला फार लागलं होतं...

घरी वहिनींनी फोन पुढं केला. त्यांच्या मुलीनं, मंजूनं, बापाचे जुने मेसेज आणि आवाज घालून त्यात एक बोलणारा दिगंबर तयार केला होता. आईला सोबत व्हावी म्हणून. दिगंबरनं प्राण सोडला तेव्हा आयसीयूत घरचं कुणी जवळ नव्हतं. वहिनी बाहेर बाकावर बसून होत्या.

“मी इचारलं, शेवटी माझी आठवण आली का? तर म्हणले, तुझंच नाव घेतलं. भाऊजी, खरं असंल का वो हे?”

मला तिथून पळून जावंसं वाटलं. पण त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी फोनला विचारलं, “दिग्या, खुलताबादला आपली सायकल चोरीला गेली होती, आठवतं?”

असं कधी घडलंच नव्हतं. फोनमधून त्याचं हसू आलं, शेवटी खोकल्यात बुडणारं, हुबेहूब. “आठवतं की! घाट उतरून पायी आलो आपण. तू सारखा शिव्या घालत होतास.”

 वाईट म्हणजे तो घाट, ते चालणं मलाही आठवायला लागलं...

“गेली होती सायकल?” वहिनींनी विचारलं.

“नाही, वहिनी.”

त्यांनी फोन उलटा ठेवला. मग म्हणाल्या, “आन् मेलेल्या माणसानं शेवटी कुणाचं नाव घेतलं, असं कुणी हे असताना यांना इचारलं असतं तर?”

“म्हणाला असता, मला माहीत नाही.”

“व्हय. वर्गात पोरांनाबी तसंच सांगायचे. माहीत नाय म्हणायचे अन् चष्मा काढून पुसत बसायचे. असा...”

तो कसा पुसायचा ते दाखवायला त्यांनी पदराचं टोक बोटांत धरलं, हवेतच काच पुसल्यासारखं केलं, आणि दिगंबर गेल्यापासून पहिल्यांदाच रडल्या.